शोधाचं इंडेक्सिंग संपेचना

आमच्या त्रैमासिकाचे जुने अंक वर्डप्रेस या वेबसाइट चालवायच्या प्रणालीवर आहेत. काही लेख नव्यानं टंकून घेतलेले, काही जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणलेले. मुखपृष्ठं, जाहिराती आणि काही संपादकीयं मात्र नुसती स्कॅन करून चढवली आहेत. लोक या संग्रहात येतात ते शोधायलाच. कुणाला आजोबांची छापून आलेली कविता हवी असते, कुणाला प्रबंधासाठी एखाद्या वादाचे सगळे लेख. शोध चालत नसेल तर एवढं टंकलेखन करून काय उपयोग, असं मला मनापासून वाटत होतं.

वर्डप्रेसचा मूळचा शोध शीर्षकात, सारांशात आणि मजकुरात तीच अक्षरं ओळीनं कुठेही सापडली की जुळलं असं धरतो. 'रस' शोधलं की 'सरस'ही येतं आणि 'रसायन'ही. शिवाय दर शोधाला सगळा मजकूर चाळावा लागतो. शोधाचं प्लगइन, म्हणजे वर्डप्रेसला वरून जोडायचा प्रोग्रॅम, हे काम आधीच करून ठेवतं. पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते तसं, कोणता शब्द कोणत्या लेखात किती वेळा आला याचं एक टेबल ते डेटाबेसमध्ये तयार करतं. हेच इंडेक्सिंग. आमचं इंडेक्सिंग नव्वदीपर्यंत झरझर गेलं, ९३ टक्क्यांवर आलं आणि तिथंच राहिलं. चूक दाखवणारा एकही संदेश नाही. चाक फिरतंय, आकडा हलत नाही. सकाळी उघडी ठेवलेली खिडकी संध्याकाळी तशीच. संपादक सर जाता-येता विचारायचे, "ताई, झालं का हो ते?"

होस्टिंगच्या मदतकेंद्राचं उत्तर लगेच आलं: मेमरी कमी पडतेय, वरचा प्लॅन घ्या. वर्गणीवर चालणाऱ्या नियतकालिकाचे पैसे पुराव्याशिवाय असे खर्च करणं मला पटेना. पुरावा मिळवणं फार अवघडही नसतं. ब्राउझरमध्ये डेव्हलपर टूल्स उघडायची, नेटवर्कचा टॅब लावायचा आणि इंडेक्सिंग सुरू करायचं. प्लगइन लेखांचे छोटे गट करून एकामागून एक विनंत्या सर्व्हरला पाठवत असतं, त्या तिथं ओळीनं दिसतात. मेमरी संपली तर उत्तराचा कोड सहसा ५०० येतो, वेळ संपली तर ५०४. आमच्याकडे प्रत्येक विनंतीला २००, म्हणजे 'ठीक', येत होता, तोही दोन-तीन सेकंदांत. वर्डप्रेसची चुका टिपणारी डीबग नोंद सुरू करून पाहिली, तीही कोरी. म्हणजे सर्व्हर थकलेला नव्हता. तो दिलेलं काम पुरं करत होता आणि तरीही काम संपत नव्हतं.

ज्यांचं प्लगइन पार्श्वभूमीत इंडेक्सिंग करतं, त्यांनी मात्र इथं आधी क्रॉन, म्हणजे ठरलेल्या वेळी कामं सुरू करणारी सोय, पाहावा. वर्डप्रेसचा क्रॉन कुणी साइट उघडली तरच जागा होतो. तो बंद करून सर्व्हरचा खरा क्रॉन लावायचा राहिला असेल, तर रांग तशीच पडून राहते. साइट हेल्थच्या पानावर लूपबॅकची, म्हणजे साइट स्वतःलाच विनंती पाठवू शकते का याची, चाचणी असते, तीही बघून घ्यावी. आमचं इंडेक्सिंग उघड्या पानावरूनच चालत असल्यामुळे तो प्रश्न नव्हता.

मग मी विनंत्यांची उत्तरं वाचायला घेतली. प्रत्येकात 'दहा लेख हाताळले' अशा अर्थाची नोंद होती आणि 'उरलेले' या खान्यात मात्र तोच आकडा. कोणते हे दहा? पीएचपीमायअ‍ॅडमिनमध्ये, म्हणजे डेटाबेस पाहायच्या साधनात जाऊन, इंडेक्सच्या टेबलात ज्यांची एकही ओळ नाही असे प्रसिद्ध लेख काढले. यादी समोर आली आणि गोष्ट बरीच उलगडली. 'मुखपृष्ठ', 'जाहिरात', 'संपादकीय', 'चित्रे', पुन्हा 'मुखपृष्ठ', पुन्हा 'जाहिरात'. सगळी नुसत्या स्कॅनची पानं. प्लगइनच्या हिशेबात ज्याची टेबलात ओळ नाही तो लेख उरलेला. ते असे दहा उचलायचं, त्यांच्यात त्याला शब्द सापडायचा नाही, म्हणून ओळ लिहिली जायची नाही, आणि पुढच्या फेरीला तेच दहा पुन्हा पुढे यायचे. ते अडकलं नव्हतं, गोल फिरत होतं.

पण मजकूर नसला तरी शीर्षक तर होतं. 'मुखपृष्ठ' हा चांगला धडधाकट शब्द आहे, तो का सापडू नये? आणि 'मलपृष्ठ' नावाच्या पानांची नोंद मात्र टेबलात होती. ती उघडली तर शब्द म्हणून लिहिलं होतं 'मलप'. 'अनुक्रमणिका'च्या पुढे 'रमण'.

हे बघितल्यावर मी प्लगइनचा तो भाग काढून वाचला. मजकुराचे शब्द पाडायला त्यात नेहमीचा नियम होता: शब्दाचं अक्षर नसेल तिथं तोडा. आमच्या सर्व्हरवरच्या पीएचपीत (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय ती) 'शब्दाचं अक्षर' म्हणजे युनिकोडमधली अक्षरं, अंक आणि अधोरेषा, एवढंच. देवनागरीतले क, ख, ग अक्षरांत मोडतात, पण काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, हलन्त यांचा युनिकोडमधला वर्ग वेगळा, चिन्हांचा. म्हणून प्रत्येक मात्रेपाशी शब्द तुटत होता. 'मुखपृष्ठ'चे झाले म, खप, ष, ठ. 'जाहिरात'चे ज, ह, र, त. त्यात तीनपेक्षा कमी अक्षरांचे शब्द गाळण्याची सेटिंग मुळातच चालू, त्यामुळे हाती शून्य. इंग्रजी साइटवर हा दोष कधी दिसणारच नाही.

खरं सांगायचं तर, न संपणाऱ्या टक्केवारीपेक्षा मला पूर्ण झालेल्या ९३ टक्क्यांनी जास्त अस्वस्थ केलं. त्या टेबलात मी 'ज्ञानेश्वर' शोधलं. नाही. 'तुकाराम' शोधलं. नाही. दोन्ही नावांचा एकही तुकडा तीन अक्षरांचा होत नाही. संतसाहित्यावर वर्षानुवर्षं लेख छापलेल्या नियतकालिकाच्या शोधात ही दोन नावं नव्हती. केवळ ती स्कॅनची पानं वगळून टाकली असती तर आकडा १०० झाला असता, सगळ्यांना वाटलं असतं काम झालं, आणि वाचक रिकाम्या हातानं परत गेले असते.

दुरुस्तीचा कोड थोडकाच निघाला. शब्द पाडण्याआधी आपली पद्धत देता येईल असा हुक प्लगइनमध्ये होता. तिथं नियम बदलला: अक्षर, चिन्ह किंवा अंक नसेल तिथंच तोडा. हे एमयू-प्लगइन्सच्या फोल्डरमध्ये ठेवलं, म्हणजे प्लगइन अद्ययावत झालं तरी पुसलं जात नाही. वाचक शोधपेटीत जे टंकतो त्यालाही हाच नियम लागला पाहिजे, नाहीतर टेबलात एक आणि शोधात दुसरंच. शब्दाची किमान लांबी दोनवर आणली, कारण 'घर', 'मन', 'रस', 'वन' हे दोनाचेच. त्यामुळे, मात्राही मोजली जात असल्यानं, 'हा', 'तो', 'ते', 'मी' आत शिरू लागले, म्हणून वगळायच्या मराठी शब्दांची यादी हातानं करावी लागली.

वेळ खाल्ला तो 'ऱ्य' आणि 'ऱ्ह'नं. 'दुसऱ्या' हा शब्द आमच्याकडे दोन तऱ्हांनी साठवलेला निघाला. काही लेखांत ऱ हे स्वतंत्र अक्षर, तर फॉन्ट बदलून आणलेल्या लेखांत साधा र, हलन्त आणि त्यानंतर न दिसणारा जोडक (झिरो-विड्थ जॉइनर). पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, टेबलात दोन वेगळे शब्द. शिवाय तो जोडक ना अक्षर ना चिन्ह, म्हणजे नव्या नियमानंही शब्द तिथं तुटणारच. म्हणून आधी र, हलन्त, जोडक अशी जोडी दिसली की तिचं ऱ आणि हलन्त करायचं, उरलेले जोडक काढून टाकायचे, पीएचपीच्या नॉर्मलायझरनं मजकूर एकसारखा करायचा आणि मगच शब्द पाडायचे. हा क्रम महत्त्वाचा आहे.

जुना इंडेक्स पूर्ण पुसून नव्यानं सुरुवात केली. ९३ ओलांडलं, ९९ वर पुन्हा थांबलं. पण आता कुठं बघायचं ते माहीत होतं. शीर्षकात नुसती एक रेघ असलेली मोजकी पानं होती. त्यांना खरोखरच शब्द नव्हता. ती वगळायच्या यादीत घातली आणि इंडेक्सिंग पूर्ण झालं. प्लगइन लिहिणाऱ्यांना मात्रांचा आणि गोल फिरण्याचा, दोन्ही दोष उदाहरणांसह कळवले आहेत. शब्द न सापडलेल्या लेखाचीही 'पाहिला' अशी खूण ठेवली तर दुसरा कायमचा मिटेल.

एक काम अजून बाकी आहे. शब्दाच्या सुरुवातीशी जुळवणी चालू असल्यामुळे 'पुस्तक' शोधल्यावर 'पुस्तकात' येतं, 'नदी'वर 'नदीत' येतं. पण 'घोडा' टंकला तर 'घोड्यावर' येत नाही, 'देऊळ'वर 'देवळात' नाही, 'पाऊस'वर 'पावसात' नाही. सामान्यरूपं ओळखणारं काही या प्लगइनमध्ये नाही. तोवर ज्या शोधांना शून्य उत्तरं आली त्यांची नोंद मी दर आठवड्याला काढते आणि अशा जोड्या समानार्थी शब्दांच्या यादीत घालत जाते.