गोल, पट्टी, त्रिकोण: तान्ह्या पोळ्याचा नंदी कुठवर आला

तान्ह्या पोळ्याचं, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी बैल ओढत मिरवतात त्या सणाचं, एक कार्टून साध्या आकारांतून बनवतोय. त्यातला नंदी एकदाचा चाकांवर उभा राहिला. मागच्या नोंदीपर्यंत नुसतं डोकं झालं होतं. आता अंग, पाय, वशिंड, झूल, शेपूट, खालची फळी, सगळं जागेवर आहे. नियम तोच ठेवलाय: गोल, गोलसर कोपऱ्यांची पट्टी आणि त्रिकोण, चौथा आकार नाही. दाबलेला गोल आपण गोलच धरायचा. पेन टूल आणि पेन्सिल टूल दोन्ही बंद. इंकस्केप हे चित्र काढायचं सॉफ्टवेअर आणि साधा माउस, एवढ्यावर काम चाललंय.

विषय तान्हा पोळाच का, तर एक म्हणजे आपण नागपूरचे. दुसरं कारण जास्त सोयीचं आहे. लाकडी नंदीत निम्मं काम सुतारानंच करून ठेवलेलं असतं. पोळ्याआधी महाल-इतवारीकडे नंदी मांडलेले असतात, तिथे थोडा वेळ उभं राहून बघा. ठोकळ्याचं अंग, चार खुंट्यांचे पाय, खाली फळी, फळीला चार चाकं. खऱ्या बैलाची शरीररचना कळायची गरज नाही, कारण खेळण्यानं ती आधीच सोपी केलेली आहे. (ही प्रथा दुसऱ्या रघूजीराजे भोसल्यांनी १८०६ मध्ये सुरू केली असं सांगतात. म्हणजे आपला नमुना दोनशे वर्षं घासूनपुसून तयार झालेला आहे.)

आता अंगाचं. २४० बाय १३० ची पट्टी घेतली आणि कोपऱ्यावरची गोल मूठ ओढून त्रिज्या ५० केली. त्रिज्या ६५ केली की अंगाची कॅप्सूल होते आणि बैल फुगा वाटतो. ३० च्या खाली आणली की बैलाचा फ्रिज होतो. पाय सरळ पट्ट्या. पुढचे दोन एकमेकांवर थोडे चढवले, मागचे थोडे फाकवले. एवढ्यावर भाच्याला दाखवलं. त्यानं एक नजर टाकली आणि विचारलं, "मामा, हे डुक्कर काहून बनवून राहिला?"

पोट्ट्याचं बरोबर होतं. आपल्या देशी बैलाची ओळख शिंगांच्या आधी वशिंडात असते. पुढच्या पायांच्या बरोबर वर, अंगाच्या मागे निम्मा लपलेला एक गोल ठेवला आणि डुक्कर गेलं. तो गोल पाठीच्या मध्यावर सरकला की उंट तयार होतो, मानेकडे फार गेला की गाठोडं वाटतं. वशिंडाचा मध्य पुढच्या पायाच्या रेघेत आणि निम्म्यापेक्षा थोडा जास्त भाग पाठीच्या वर, ही जागा मला सगळ्यात पटली. शिंगं म्हणजे गोलातून गोल वजा. दोन सारखे गोल, वरचा जरा वर सरकवायचा, दोन्ही निवडून कंट्रोल आणि मायनस. जेवढं सरकवाल तेवढं शिंग जाड. दोन टोकांची कोर मिळते, ती डोक्यामागे गेली की एकाच आकारात दोन्ही शिंगं. टोकांना बेगडाचे दोन पिवळे पट्टे, झालं.

इंकस्केप १.३ पासून शेप बिल्डर आलाय, तो या कामात फार उपयोगी आहे. एकमेकांवर चढलेले आकार निवडायचे आणि हवे ते तुकडे माउसनं ओढून जोडायचे. पण नवीन माणसानं आधी काही दिवस जुन्याच पद्धतीनं, कंट्रोल-प्लस (जोडणे) आणि कंट्रोल-मायनसनं (वजा करणे) काम करावं असं माझं मत आहे. कोण वर, कोण खाली आणि कशातून काय वजा होतं, हे त्याशिवाय डोक्यात बसत नाही.

सगळ्यात जास्त वेळ चेहऱ्यानं खाल्ला, आणि तो तसा खायलाच हवा. डोकं म्हणजे एक गोल, त्याच्या खालच्या भागावर रुंद दाबलेला गोल, हे तोंड. नाकपुड्या दोन. मग डोळे. तेच दोन गोल कपाळाकडे वर आणि जवळ-जवळ ठेवले तर जोडीतला माजलेला बैल समोर येतो. खाली, अगदी तोंडाच्या कडेपाशी आणले आणि फाकवले, की वासरू होतं. मोठं कपाळ, खाली सरकलेले मोठे डोळे, छोटी हनुवटी दिसली की माणसाला ते पिल्लू वाटतं, हे प्राण्यांच्या वागण्याचे अभ्यासक कॉनराड लोरेंझ यांनी १९४३ मध्ये मांडलं होतं. कार्टूनवाले तेव्हापासून, खरं तर त्याच्याही आधीपासून, त्याच्यावर पोट भरतायत. तान्ह्या पोळ्याच्या नंदीला दुसरा पर्यायच नाही, डोळे खालीच हवेत.

पण डोळ्यांपेक्षा पापणी बघा. अंगाच्याच रंगाचा अर्धगोल डोळ्याच्या वरच्या भागावर ठेवायचा. गोलाच्या टूलमध्ये कडेवरची छोटी मूठ बाहेरच्या बाजूनं ओढली की फोड मिळते, आतून ओढली की कमान. १८० अंशांवर दोन्हींत अर्धगोलच दिसतो, त्यामुळे घोटाळा होत नाही. आता ही पापणी आडवी ठेवली तर बैल नुकताच जेवून उठलेला दिसतो. नाकाकडे दहा-बारा अंश उतरवली की चिडतो. तीच बाहेरच्या बाजूला उतरवली की बिचारा होतो. एकच पापणी आडवी आणि एक तिरकी केली की डोक्यात काहीतरी शिजतंय. भुवया, सुरकुत्या, तोंडाची रेघ, कशालाही हात न लावता एवढं सगळं निघतं. मी शेवटी डावी आडवी आणि उजवी किंचित वर ठेवली. बोजारा, म्हणजे नंदी घेऊन आलेल्या पोरांना घरोघरी मिळणारा खाऊ-पैसा, कोण किती देतो याचा हिशोब करणारा नंदी हवा होता, तसा मिळाला.

चेहरा झाला की सगळं चित्र एका काळ्या रंगात भरून अंगठ्याच्या नखाएवढं करून बघायचं. सावलीत वशिंड, शिंग आणि चाक वेगळं ओळखू आलं तर ठीक. माझ्या नंदीत शेपूट अंगाला चिकटून हरवत होतं, म्हणून ते मागे उडवलं आणि टोकाला गोंडा दिला.

दोरी ओढणारा पोरगा पटकन झाला. डोकं गोल, अंगरखा पट्टी, फेटा म्हणजे तीन दाबलेले गोल एकावर एक आणि मागे लोंबणारा त्रिकोण. मूठ म्हणजे गोलावर तीन बुटक्या पट्ट्या. त्याच्याबद्दल जास्त लिहिण्यासारखं नाही.

आता अक्षरं. इथे मी जरा हट्टानं बोलणार. चित्र हातानं घडवायचं आणि खाली नाव मात्र तयार फॉन्टमध्ये टाकून त्याला सावली द्यायची, हा प्रकार मला पटत नाही. बालू आणि मोदक हे दोन्ही फॉन्ट मुक्त परवान्याचे आणि देखणे आहेत. मोदकचं गुबगुबीतपण तर कार्टूनला शोभतंच. तरी माझ्या नंदीच्या पोटाचा गोल आणि मोदकातल्या प चा गोल वेगळ्या घरचे आहेत, आणि ते दिसतं. कमल शेडगे यांची नाटकांच्या जाहिरातींतली अक्षरं आठवा. नाटक गंभीर की फार्स, हे नावाच्या वळणातच कळायचं. ते कसब आपल्याकडे नाही, पण आकार तरी एकाच पेटीतले वापरता येतात.

शब्द दोन: तान्हा पोळा. प म्हणजे खाली अर्धगोल, उजवीकडे कान्याची पट्टी. त म्हणजे काना आणि कमान. अर्ध्या न ची गाठ म्हणजे एक भरीव गोल आणि त्याला छोटी पट्टी. इथवर सरळ आहे. जाडीचं मात्र ध्यानात ठेवा: उभी आणि आडवी पट्टी मोजून सारखी ठेवली तर डोळ्याला आडवी जाड दिसते. काना २४ ठेवला तर शिरोरेघ २१ वर आणली की दोन्ही सारख्या वाटतात. बोरूनं लिहिताना जाड-बारीक आपोआप यायचं, इथे ते हातानं घालावं लागतं.

आणि मग ळ. मराठीत कार्टूनवाल्यासाठी याच्यासारखं अक्षर नाही. दोन गोल शेजारी-शेजारी, वरून एका देठानं लटकलेले. म्हणजे चष्मा, डोळे, नाकपुड्या किंवा चाकं! पोळा या शब्दाला चाकं त्यानं स्वतःच लावून ठेवलीत, आपण फक्त आसाचा ठिपका द्यायचा. आधी आठ-आठ आऱ्या भरून पाहिल्या. चाकं झकास, पण ळ गायब, कारण अक्षराचं पोट भरलं की ते वाचता येत नाही. आता आत मोकळी जागा आणि मध्ये एकच ठिपका ठेवलाय. बाहेरचा व्यास ७२. हे गोल कान्याच्या तळाशी बरोबर टेकवले तर हवेत तरंगल्यासारखे दिसतात, म्हणून तीन एककं खाली उतरवले. गोलाचं टोक एका बिंदूत टेकतं, पट्टी पूर्ण रुंदीनं टेकते, त्यामुळे गोलाला नेहमी थोडं जास्त द्यावं लागतं.

शिरोरेघेचं काम मात्र मनासारखं जमलं. पोळा मधला शेवटचा काना संपला तरी शिरोरेघ थांबवली नाही. तिला एक लांबलचक त्रिकोण जोडला, २१ वरून निमुळता होत ६ वर येणारा, आणि तो थेट पोराच्या मुठीत नेला. पोरगा आता दोरीनं पूर्ण शब्द ओढतोय. त्रिकोणाचा उपयोग काय, असं ज्यांनी मला विचारलं होतं, त्यांना हे उत्तर.

ह नं पिच्छा पुरवला. वर एक वळण, खाली उलट दिशेचं दुसरं, त्यातून निघणारी शेपटी, आणि हे सगळं न् आणि काना यांच्या बेचक्यात. दोन अर्धगोल सारख्याच मापाचे घेतले तर ह इंग्रजी आकड्यातला तीन वाटतो. वरचा खालच्याच्या दोन तृतीयांश ठेवल्यावर अक्षर ओळखू यायला लागलं. शेपटीला नंदीच्याच शेपटाचा गोंडा चिकटवलाय, पण तो राहील की जाईल हे अजून नक्की नाही. मला आवडतो, घरात कोणालाच आवडत नाही.

स्टिकरसारखी पांढरी कड हवी असेल तर पद्धत अशी: सगळ्या अक्षरांची प्रत घ्या, एकत्र जोडा, कंट्रोल आणि उजवा कंस दाबत आकार फुगवा, पांढरा रंग देऊन मागे पाठवा. ळ च्या पोटात आणि प च्या बेचक्यात छोटी भोकं उरतात, ती फार घाण दिसतात. कंट्रोल-शिफ्ट-के नं तुकडे करा, आतले तुकडे उडवा, कड एकसंध होते. त्याचीच आणखी एक प्रत गडद तपकिरी करून चार एककं खाली-उजवीकडे सरकवली की सावली तयार.

रंगांत हळदी, पानाचा हिरवा, तपकिरी आणि अर्थातच संत्रा. पण स्क्रीनवरचा चमकता संत्रा छपाईत उतरत नाही, तो चार शाईंच्या आवाक्याबाहेरचा आहे. फ्लेक्सवाल्या भाऊला मॅजेंटा ५०, यलो १०० असे आकडेच सांगायचे, म्हणजे नंतर तोंड पाडून उभं राहावं लागत नाही. दुकानात बहुतेक कोरलड्रॉ असतं, त्यामुळे पीडीएफ न्यायची आणि कुठे टाइप केलेला मजकूर असेलच तर आधी त्याचे पाथ (म्हणजे फॉन्टवर न अवलंबणारे आकार) करून घ्यायचे. नाहीतर जोडाक्षरांचे हाल होतात.

पुढचं काम मारबत, म्हणजे नागपुरात मिरवणुकीनं निघणारा बाईचा मोठा पुतळा. तान्ह्या पोळ्याच्याच दिवशी निघते, म्हणजे जोडीला जोड. जागनाथ बुधवारीची पिवळी मारबत १८८५ पासूनची. तिच्या आणि काळ्या मारबतीच्या मागे जे बडगे (टीका करणारे पुतळे) निघतात ते म्हणजे चालतंबोलतं व्यंगचित्रच असतं: मोठं डोकं, ओळखीचं नाक, गळ्यात पाटी. पाटीवरची अक्षरं गर्दीतून, हलत्या पुतळ्यावर, लांबून वाचता यायला हवीत. रंगवणारे नजाकतीच्या फंदात पडत नाहीत, आणि लेटरिंग शिकायला तो नमुना उत्तम आहे. यंदा कॅमेरा घेऊन फक्त पाट्याच टिपणार आहे.

अक्षरं "घेऊन जा गे मारबत" एवढीच घेतलीत. रोगराई, ईडापीडा घेऊन जाणारीला नंदीचे गुबगुबीत गोल चालणार नाहीत, तिथे त्रिकोण पुढे येईल आणि पट्टीचे कोपरे टोकदार राहतील. ब च्या पोटात गोलाऐवजी त्रिकोण ठेवून पाहिला. लांबून तो व वाटतो. आतली तिरकी रेघ कान्याइतकी जाड केली की ब वाचता येतो, पण मग पोटात जागा उरत नाही. त्रिकोण थोडा डावीकडे ताणून बघतोय. म ला हाच उपाय लागू पडतो का, ते अजून तपासायचंय.