पूल लॉग, पावसाळा: डिस्क 3 मेलीच नव्हती

मंडळी, बरेच दिवस लॉग लिहिला नव्हता, कारण सगळं नीट चाललेलं आणि नीट चालतंय तेव्हा लिहिणार काय. आता लिहायला आहे.

नवीन लोकांसाठी सेटअप पटकन, हा माझा फोटो-व्हिडिओ साठवायचा घरचा सर्व्हर: ऑफिसमधून भंगारात निघालेला चौथ्या पिढीचा आय5 डेस्कटॉप, त्यावर डेबियन (लिनक्स), ओएससाठी 120 जीबीची एसएसडी (हीच रूट डिस्क). डेटाला तीन डिस्क, 4 टीबीच्या दोन (डिस्क 1 आणि 2) आणि 8 टीबीची एक (डिस्क 3), वर 8 टीबीची पॅरिटी, म्हणजे एखादी डिस्क मेली तर तिच्यातलं परत मिळवायला. मर्जरएफएसने तिन्ही डिस्क एकत्र, एकच पूल म्हणून दिसतात आणि स्नॅपरेड रोज पहाटे तीनला पॅरिटी सिंक करतं. झेडएफएस (डिस्क एकत्र जोडायची दुसरी पद्धत) का नाही विचारू नका, वेगवेगळ्या साइजच्या डिस्क आहेत, आणि उद्या मशीन जळलं तरी डेटाची कुठलीही एक डिस्क काढून दुसऱ्या लिनक्सला लावली की त्यातल्या फायली सरळ वाचता येतात, मला एवढं पुरतं. घर गोव्यात पेडण्यात, समुद्र सायकलवरून दहा मिनिटं. हे सांगायचं कारण पुढे येईल.

मे

मेमधलं आधी, कारण ऑगस्टचा गोंधळ त्यातूनच सुरू झाला. फोटो कॉपी करताना 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' आलं, आणि पूलमध्ये तर साडेपाच टीबी रिकामी. ही चूक बहुतेक सगळेच एकदा करतात. माझ्या जुन्या एफएसटॅबमध्ये (कुठली डिस्क कशी जोडायची ते लिहिलेली फाइल) क्रिएट पॉलिसी, म्हणजे नवीन फाइल कुठल्या डिस्कवर टाकायची तो नियम, ईपीएमएफएस होती. त्यातलं 'ईपी' म्हणजे तो फोल्डर ज्या डिस्कवर आधीपासून आहे तिथेच नवीन फाइल टाकायची. माझा फोटोंचा फोल्डर फक्त डिस्क 1 वर होता, ती भरली, मग शेजारची डिस्क 3 ओस पडली असली तरी मर्जरएफएस तिकडे ढुंकून बघत नाही. पॉलिसी बदलून नुसती एमएफएस केली, म्हणजे जिथे जागा जास्त तिथे टाक. दोन मिनिटांचं काम. डिस्क 1 मधून थोडं हलवून 11 जीबी मोकळी केली, डिस्क 2 वर 14 होती, आणि म्हटलं आता नवीन सगळं डिस्क 3 वरच जाणार, बघायची गरज नाही.

18 ऑगस्ट

चवथीला (गणेश चतुर्थीला) मुंबईहून काका यायचे होते ते यंदा आठवडाभर आधीच आले. बाबांना त्यांना 1994 चं काल्याचं नाटक दाखवायचं होतं, देवळासमोरच्या मंडपात केलेलं, त्यात बाबा राजा आणि काका प्रधान. व्हीएचएस होती, मी तीन वर्षांपूर्वी कॅप्चर करून ठेवली, मूळ टेपला तोवर बुरशी लागलेली आणि नंतर ती टाकूनच दिली. म्हणजे आता जी आहे ती एकच कॉपी. हो, माहीत आहे, एकच कॉपी म्हणजे कॉपीच नाही, ओरडू नका.

टीव्हीवर जेलीफिन (सर्व्हरवरचे व्हिडिओ दाखवणारं अ‍ॅप) उघडेना. बाबा बाहेरून, 'अरे, खंय गेलें तें?' मी म्हटलं थांबा, रीस्टार्ट करतो. एसएसएच केलं (दुसऱ्या मशीनवरून सर्व्हरमध्ये शिरलो) तर टॅब दाबून नाव पूर्ण करतानासुद्धा एरर, रूट डिस्क शंभर टक्के भरलेली. आदल्या रात्री मी भाचीच्या अरंगेत्रमचं कॅमेऱ्यावरचं शूटिंग पूलमध्ये कॉपी करायला लावून झोपलो होतो, तेही अर्धवट थांबलेलं, तोच 'नो स्पेस'. डोक्यात पहिलं काय आलं असेल? पॉलिसी. पण पॉलिसी तर मेमध्येच बदलली! अर्धा तास मी एफएसटॅब वाचत बसलो, त्यात काही चूक नव्हतीच तर सापडणार काय.

मग डीएफ (डिस्कवरची जागा दाखवणारी कमांड) मारलं. पूलची एकूण साइज 7.4 टी. आता आमच्या पूलची साइज 15 टी दिसायला हवी (16 टीबी, पण कॉम्प्युटरच्या मोजणीत), आणि खरं सांगतो, तो 7.4 आकडा मी त्या अर्ध्या तासात दोनदा बघितला आणि पुढे गेलो, कारण माझी नजर फक्त 'अव्हेलेबल'च्या रकान्यावर. तिसऱ्यांदा ट्यूब पेटली. अर्धा पूल गेलाय. एलएसबीएलके (जोडलेल्या डिस्कची यादी) मारलं तर 8 टीबीची एकच डिस्क, म्हणजे पॅरिटी आहे, डिस्क 3 नाही.

आणि नाटक डिस्क 3 वर.

बाबांना म्हटलं अपडेट चालू आहे, उद्या दाखवतो. (खोटं बोललो.)

काय झालं होतं

लॉग चाळल्यावर कळलं ते असं. 7 ऑगस्टच्या रात्री वादळ होतं, लाइट चार-पाच वेळा आली-गेली, यूपीएसची बॅटरी म्हातारी, मशीन बंद पडून परत चालू झालं. त्या बूटला डिस्क 3 आलीच नाही. एफएसटॅबमध्ये मी सगळ्या डिस्कना 'नोफेल' लावलेलं, ते बरोबरच आहे, नाहीतर एका डिस्कसाठी सगळं मशीन इमर्जन्सी मोडमध्ये अडकून बसतं. पण त्याचा अर्थ असा की डिस्क न येताही बूट गुपचूप पुढे जातं, आणि 'डिस्क3' नावाचं रिकामं फोल्डर तसंच राहतं. कुठे? रूटच्या एसएसडीवर. मर्जरएफएसला मी 'डिस्क-स्टार' (नाव 'डिस्क'ने सुरू होणारं सगळं) असा पॅटर्न दिलेला, त्याला काय, फोल्डर आहे ना, मग ती पण ब्रँच, म्हणजे पूलचा भाग. आता बघा, डिस्क 1 वर 11 जीबी, डिस्क 2 वर 14, आणि या खोट्या डिस्क 3 वर एसएसडीची 45 जीबी मोकळी. सगळ्यात जास्त जागा कुठे? एमएफएसने इमानेइतबारे शूटिंग एसएसडीवर ओतलं, मग तिघांवर थोडं थोडं, आणि सगळीकडे 4 जीबीच्या खाली आल्यावर हात वर केले, कारण मिनफ्रीस्पेसचा (प्रत्येक डिस्कवर किमान मोकळी ठेवायची जागा) डिफॉल्ट तेवढाच असतो. एसएसडीवर जे शेवटचं उरलं ते डॉकरच्या (प्रोग्राम वेगवेगळ्या डब्यांत चालवणारं सॉफ्टवेअर) लॉगनी खाल्लं.

म्हणजे मेमध्ये मी केलेला उपाय बरोबर होता आणि ऑगस्टमध्ये त्यानेच वाट लावली. ईपीएमएफएस असती तर त्या रिकाम्या फोल्डरमध्ये बहुतेक काहीच गेलं नसतं.

आता खरी भीती. पहाटे तीनचा सिंक. अकरा रात्री झाल्या, म्हणजे अकरा वेळा स्नॅपरेडने रिकामी डिस्क 3 बघितली असणार, आणि त्याने 'बरं, मालकाने सगळं डिलीट केलं' असं समजून पॅरिटी नव्याने लिहिली असती तर डिस्कही नाही आणि पॅरिटीतही काही नाही. हात थरथरत लॉग उघडला. अकराच्या अकरा वेळा स्नॅपरेड थांबलं होतं. कुठल्याही डिस्कवरच्या आधीच्या सगळ्याच्या सगळ्या फायली गायब दिसल्या तर ते सिंक करतच नाही, इशारा देतं आणि म्हणतं की खरंच पुढे जायचं असेल तर 'फोर्स-एम्प्टी' लावून चालव. अकरा मेल आलेले होते. मी त्या मेलसाठी जीमेलमध्ये फिल्टर लावून वेगळं लेबल केलेलं आणि ते लेबल कधी उघडत नाही.

कोणी घाईत असेल, एरर वाचून त्यातच दिलेला ऑप्शन कॉपी-पेस्ट करणारा असेल (मी आहे), तर 'फोर्स-एम्प्टी' लिहून एंटर मारणार आणि खेळ खलास. त्या रात्री मी मेल वाचत असतो तर मारलं असतं, एवढं नक्की सांगतो.

19 ऑगस्ट, कॅबिनेट उघडलं

डिस्क मेली असंच धरून चाललो होतो, नवीन 8 टीबीचे भाव पण बघून झाले. मशीन जिन्याखाली, चिऱ्याच्या भिंतीला टेकून. उन्हाळ्यात तिथे मस्त गार असतं म्हणून ठेवलेलं, पण पावसात तो चिरा पाणी ओढतो, भिंतीला हात लावला तर ओल लागते. बाजूचं झाकण काढलं, आत पालीची दोन अंडी, फुटलेली, ते सोडा. प्रत्येक डिस्कच्या कडेला मी मार्करने सीरियल नंबरचे शेवटचे चार आकडे लिहिलेत, ज्यांनी नसतील लिहिले त्यांनी आजच लिहा, चार सारख्या काळ्या वड्यांतून कुठली ते ओळखायला त्यासारखं दुसरं काही नाही.

डिस्क 3 ला पॉवर जात होती एका स्वस्त मोलेक्स-टू-साटा स्प्लिटरमधून, एका टोकाला मोलेक्स (जुना चार पिनांचा पॉवर कनेक्टर), दुसरीकडे दोन साटा (आताच्या डिस्कचा). मोलेक्सचं टोक ओढलं तर सुटेना, पक्कड लावावी लागली. निघालं तेव्हा चार पिनांपैकी दोन हिरव्या, समुद्राची खारी हवा. देवघरातलं तांब्याचं भांडं पावसाळाभर घासलं नाही की कसं होतं, तसाच थर, नखाने खरवडला तर पूड पडते. साटा डेटा केबलही क्लिप नसलेली, नुसती बोटाने हलवली तर हलते.

दोन्ही बदललं. पीएसयूमधून (पॉवर सप्लाय) येणारा मूळ साटा पॉवरचा एक कनेक्टर डीव्हीडी ड्राइव्हला वाया चालला होता, ड्राइव्ह काढला आणि तो डिस्कला दिला. डिस्कचे पिन आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि कापसाच्या बोळ्याने पुसले, अर्धा तास वाळू दिले, क्लिपवाली नवीन केबल. चालू केलं. आली! डिस्क 3 आली, 6 जीबीपीएसवर लिंक.

स्मार्टसीटीएलमध्ये (डिस्कची तब्येत सांगणारी कमांड) बघायचं ते थोडक्यात. 5 नंबर म्हणजे रीअलोकेटेड (खराब म्हणून बदललेले) सेक्टर, शून्य. 197 पेंडिंग, शून्य. 198, शून्य. आणि 199, यूडीएमए सीआरसी एरर काउंट, 3217. हा 199 प्लॅटरचा (डिस्कच्या आतल्या तबकडीचा) नाही, डिस्क आणि बोर्ड यांच्यात जाता-येता डेटा बिघडला की तो वाढतो, म्हणजे संशय केबल, कनेक्टर, नाहीतर पोर्टवर. जुन्या कर्नल लॉगमध्ये जुलैपासूनच 'हार्ड रीसेटिंग लिंक'च्या ओळी आणि लिंक 6 वरून 3, मग 1.5 वर उतरलेली. डिस्क महिनाभर बोंबलत होती. आणि हा आकडा परत शून्य होत नाही, म्हणून 3217 बघून घाबरायचं नसतं, 3217 लिहून ठेवायचं आणि उद्या वाढला का ते बघायचं. लाँग टेस्ट लावली, पंधरा तास, पास.

आवराआवर

डिस्क माउंट झाली (तिच्या फोल्डरला जोडली गेली) पण एसएसडी अजून भरलेलीच, कारण ते शूटिंग आता माउंटच्या खाली गाडलं गेलेलं, दिसत नाही पण जागा खातंय. इथे डीयू (कुठला फोल्डर किती जागा खातो ते दाखवणारी कमांड) कितीही मारा, सापडणार नाही. रूटचं बाइंड माउंट दुसऱ्या फोल्डरवर केलं (तीच जागा दुसरीकडूनही दिसेल असं जोडलं) की खालचं खरं फोल्डर दिसतं. तिथून फायली उचलून पूलमध्ये आणल्या. मग सगळ्या डिस्क अनमाउंट करून तिन्ही रिकाम्या माउंट फोल्डरना चॅटर कमांडने 'प्लस आय' लावलं, इम्यूटेबल. आता डिस्क नाही आली तर त्या फोल्डरमध्ये रूटलासुद्धा काही लिहिता येत नाही. मिनफ्रीस्पेस 4 वरून 50 जीबी केला.

मग 50 जीबी केल्यावर डिस्क 1 आणि 2 बादच झाल्या, तेव्हा आठवलं की ईएक्सटी4 (या डिस्कची फाइलसिस्टम) पाच टक्के जागा रूटसाठी राखून ठेवतं. 4 टीबीच्या डिस्कवर ते 186 जीबी होतात, दोन्हींचे मिळून 372. नुसत्या फायली ठेवायच्या डिस्कवर त्याचा काही उपयोग नाही, ट्यून2एफएसने शून्य केलं, एवढी जागा फुकटात मिळाली. डिस्क 3 वर मात्र मुद्दाम तसंच ठेवलं. पॅरिटीही तेवढ्याच साइजची आहे, आणि डेटा डिस्क काठोकाठ भरली तर पॅरिटीची फाइल मावायला जागा कमी पडते. पॅरिटीवर आधीपासून शून्य आहे.

सगळ्यात शेवटी स्नॅपरेड डिफ (काय काय बदललंय त्याची यादी). आधी डिफ, मगच सिंक. नवीन फायली बऱ्याच, डिलीट शून्य, तेव्हा कुठे सिंक केलं आणि वर फुल स्क्रब (सगळा डेटा वाचून तपासणी), दोन दिवस लागले, एरर शून्य. स्क्रिप्टमध्ये आता डिफमध्ये 50 च्या वर डिलीट दिसले तर सिंक न करता थेट फोनवर टेलिग्राम मेसेज येतो. जीमेलचं लेबल उडवलं.

24 ऑगस्ट

मशीन जिन्याखालून हलवायचं होतं. हॉलमध्ये कोरडं असतं, पंखा असतो, पण चवथीला गणपती तिथेच आणि आई म्हणते, 'माटोळीखाली तुझा तो डबा नको.' (माटोळी म्हणजे गणपतीच्या वर टांगतात ती फळा-पानांची चौकट.) बरोबरच आहे म्हणा, वरून सुपारीचा कात्रा पडला तर कुठे. सध्या माझ्या खोलीत स्टुलावर आहे, भिंतीपासून हातभर लांब, रात्री आवाज येतो पण सवय होईल. एक बदल अजून केला, आधी वीज कडाडली की रात्री मशीन बंद करायचो, आता चालूच ठेवतो. चालू मशीन आतून कोमट राहतं, त्यामुळे ओल कमी धरते. त्यासाठी यूपीएसची बॅटरी नवीन घेतली आणि एनयूटी लावलं, बॅटरी उतरली की ते स्वतःच नीट शटडाउन करतं.

नाटक दाखवलं. दुसऱ्या अंकात माइक बंद पडतो आणि काका तसेच ओरडून वाक्यं म्हणतात, त्यावर दोघं भाऊ इतके हसले की परत मागे नेऊन लावायला लागलं. त्याची एक कॉपी आता काकांच्या पेनड्राइव्हवर मुंबईला गेली.

30 ऑगस्ट

डिस्क 3 चा 199 अजून 3217 वरच. पण आज सकाळी पॅरिटी डिस्कचा बघितला, कालपर्यंत शून्य होता, आज 2. तिला त्याच जुन्या बॉक्समधली केबल आहे. एक क्लिपवाली शिल्लक आहे, पाऊस जरा थांबला की रात्री बदलतो.