चेल्टनहॅमची चढण: उड्यांच्या शर्यतींत घोडा निवडायला जाणाऱ्यांसाठी

मार्च २०२५ मध्ये इंग्लंडमधील चेल्टनहॅमच्या चार दिवसांच्या शर्यत महोत्सवाला मी मंगळवारी, ११ तारखेला, आणि शुक्रवारी, १४ तारखेला, हजर होतो. निघण्यापूर्वी मला तीन सल्ले मिळाले होते आणि त्यांतला एकही खरा ठरला नाही. स्टेशनपासून रेसकोर्स पायी वीस मिनिटांवर आहे, हा पहिला सल्ला. सर्वांत स्वस्त तिकिटातही सगळे काही पाहता येते, हा दुसरा. आणि मंगळवारच्या मुख्य शर्यतीत फेव्हरिटखेरीज, म्हणजे सर्वांत कमी भावाच्या, सर्वांच्या पसंतीच्या घोड्याखेरीज, कशाचाही विचार करण्याची गरज नाही, हा तिसरा. पुढच्या वर्षी आपल्यापैकी जे कोणी जातील त्यांचे पैसे, पाय आणि दुपार वाया जाऊ नये, म्हणून हे लिहीत आहे. विन, प्लेस आणि हँडिकॅप हे शब्द ज्यांना परिचित आहेत, आणि जे पाच तास ओल्या गवतावर उभे राहू शकतात, त्यांच्यासाठीच हा मजकूर आहे.

माझे शर्यतींचे शिक्षण पुण्याच्या रेसकोर्सवर, पावसाळी हंगामात झाले. पुणे असो वा महालक्ष्मी, आपल्याकडच्या शर्यती सपाट धावेच्या असतात. स्टॉलचे दार उघडले की घोडा सुटतो, कोणत्या क्रमांकाच्या स्टॉलमधून सुटला याला महत्त्व असते, आणि बाराशे मीटरची शर्यत सव्वा मिनिटाच्या आसपास संपते. चेल्टनहॅमला यातले काहीच लागू होत नाही. तेथे स्टॉलच नसतात. घोडे एका ताणलेल्या पट्टीमागे चालत येतात आणि पट्टी सुटली की धावू लागतात. सर्वांत लहान अंतरही दोन मैलांचे असते, आणि वाटेत साडेतीन फुटांची हर्डल्स, म्हणजे हलकी, लवचीक कुंपणे, किंवा साडेचार फुटांचे भरीव अडथळे ओलांडावे लागतात. भारतात शिकलेल्या माणसाने वेग पाहण्याची सवय स्टेशनवरच सोडून यावी.

सर्वांत आधी तिकिटाविषयी, कारण माझी पहिली फसगत तेथेच झाली. मंगळवारसाठी मी बेस्ट मेट विभागाचे तिकीट घेतले होते. २००२ ते २००४ अशी सलग तीन वर्षे गोल्ड कप ही महोत्सवातली सर्वांत मानाची शर्यत जिंकणाऱ्या घोड्याचे नाव या विभागाला दिलेले आहे, आणि तो धावपट्टीच्या आतल्या बाजूस, मुख्य स्टँडच्या समोर येतो. शेवटचा अडथळा आणि अखेरची चढण तेथून जवळून दिसते, हे खरे आहे. परंतु त्या तिकिटावर पॅडॉकपर्यंत, म्हणजे शर्यतीपूर्वी घोडे फिरवून दाखवतात त्या जागेपर्यंत, जाता येत नाही, आणि ही गोष्ट मला तिकीट घ्यायला सांगणाऱ्याने सांगितली नव्हती. ज्याला शर्यतीचा केवळ थरार हवा आहे त्याला हा विभाग पुरेसा आहे. ज्याला घोडा पाहून निवडायचा आहे त्याने तो घेऊच नये. टॅटरसॉल्स या दुसऱ्या विभागाचे तिकीट महाग पडते, पण पॅडॉकच्या पायऱ्यांवर उभे राहून घोडा डोळ्यांनी पाहता येतो, आणि माझ्या मते त्या जादा पैशांचा मोबदला पहिल्या दोन शर्यतींतच मिळतो.

आता मंगळवारच्या मुख्य शर्यतीकडे येतो, कारण संपूर्ण प्रवासातले माझे खरे शिक्षण तेथे झाले. चॅम्पियन हर्डल ही दोन मैलांहून किंचित जास्त अंतराची शर्यत, आणि त्या दिवशी तिच्यात सात घोडे होते. ट्रेनर निकी हेंडरसन यांचा कॉन्स्टिट्यूशन हिल तोपर्यंतच्या दहाही शर्यतींत अजिंक्य होता, आणि त्याचा भाव एकास दोन असा, म्हणजे दोन पौंड लावावेत तेव्हा एक पौंड मिळावा, इतका खाली आला होता. मी वाचलेल्या प्रत्येक पूर्वपरीक्षणात एकच प्रश्न होता: त्याला कोण हरवील? उत्तरादाखल आदल्या वर्षीचा विजेता स्टेट मॅन आणि ब्रायटरडेजअहेड ही घोडी, एवढ्या दोघांचीच चर्चा होती. मीही वीस पौंड कॉन्स्टिट्यूशन हिलवर लावले. पाचव्या हर्डलवर तो पडला. स्टेट मॅन एकटाच पुढे निघाला, शेवटच्या हर्डलपर्यंत मोकळा आला, आणि तेथे तोही पडला. माझ्यापासून काही हातांवर हे घडले, आणि समोरच्या स्टँडमधून उठलेला तो एकच दीर्घ आवाज मी विसरणार नाही. दोन्ही घोडे आणि दोन्ही जॉकी उठून उभे राहिल्याचे दिसेपर्यंत कोणाचेही लक्ष निकालाकडे नव्हते. जिंकली ती गोल्डन एस, भाव पंचवीसास एक, म्हणजे एका पौंडावर पंचवीस, ट्रेनर जेरेमी स्कॉट आणि जॉकी लॉर्कन विल्यम्स.

त्यानंतर बराच वेळ मी रेसकार्ड, म्हणजे घोड्यांची माहिती छापलेली पुस्तिका, उघडून तसाच उभा होतो, कारण गोल्डन एसविषयी जे कळायला हवे होते ते सर्व तेथे छापलेले होते. ती घोडी असल्यामुळे तिला सात पौंड वजनाची सूट होती. आदल्या वर्षी याच मैदानावर, याच महोत्सवात, तिने नवख्या घोड्यांची हर्डल शर्यत जिंकली होती, आणि त्या वेळी जिला हरवले ती ब्रायटरडेजअहेडच होती. म्हणजे ज्या घोडीला सगळे दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाची दावेदार मानत होते, तिला याच चढणीवर हरवणारी घोडी मला पंचवीसास एक या भावाने उपलब्ध होती, आणि मी तिचे नाव वाचून पान उलटले होते. कॉन्स्टिट्यूशन हिल पडेल हे कोणालाही आधी सांगता आले नसते. पण पुढचे दोघे पडले तर मागे कोण उरेल, हा प्रश्न मी स्वतःला विचारायला हवा होता. सपाट शर्यतीत तो प्रश्न निरर्थक ठरतो. उड्यांच्या शर्यतीत माझ्या मते तोच पहिला प्रश्न असायला हवा, आणि फेव्हरिटचा भाव जितका कमी तितका तो अधिक आग्रहाने विचारावा.

रेसकार्ड वाचताना आपल्याकडच्या सवयीने केवळ अंक पाहू नयेत. मागील शर्यतींच्या अंकांत मधूनच अक्षरे येतात: एफ म्हणजे पडला, यू म्हणजे जॉकी खाली आला, पी म्हणजे मध्येच थांबवला, बी म्हणजे दुसऱ्याच्या पडण्यामुळे पडला. यांपैकी बी हा घोड्याचा दोष नाही, आणि एकुलत्या यूने मी घोडा बाद करत नाही. परंतु ज्याच्या शेवटच्या चार धावांत दोनदा एफ आहे, त्याच्यावर कोणत्याही भावाने पैसे लावू नयेत. नावाशेजारी सी असेल तर तो घोडा याच मैदानावर जिंकलेला आहे, आणि डी असेल तर याच अंतरावर. चेल्टनहॅमला मी सी या अक्षराला इतर कोणत्याही मैदानापेक्षा अधिक किंमत देईन. मैदान क्लीव्ह हिलच्या पायथ्याशी आहे, घोडे उतारावरून वेगात खाली येत उड्या मारतात, वळतात, आणि शेवटच्या अडथळ्यानंतर विजयरेषेपर्यंत त्यांना चढावे लागते. दूरचित्रवाणीवर ही चढण दिसतच नाही. कठड्यापाशी उभे राहिल्यावर दोन-तीन लेंग्थ (एक लेंग्थ म्हणजे घोड्याच्या लांबीइतके अंतर) पुढे असलेला घोडा त्या शेवटच्या टप्प्यात जागीच खिळल्यासारखा होताना दिसतो, आणि मग कळते की सपाट मैदानावरचे विजय येथे का टिकत नाहीत.

आणखी एक गोष्ट अशी की मंगळवार आणि बुधवारच्या शर्यती जुन्या धावपट्टीवर होतात, तर गुरुवार आणि शुक्रवारच्या नव्या धावपट्टीवर. जुनी पट्टी अधिक आखूड वळणांची असल्याने पुढे राहून चपळ धावणाऱ्याला ती साथ देते. नवीवर दम लागतो, आणि मागून येणाऱ्याला वेळ मिळतो. मंगळवारच्या निकालांवरून शुक्रवारचे अंदाज बांधू नयेत.

बुधवारी आणि गुरुवारी मी कॉट्सवोल्ड्समधील खेडी पाहिली. ती सुंदर आहेत.

शुक्रवारी मी टॅटरसॉल्सचे तिकीट काढले आणि पहिल्या शर्यतीच्या दीड तास आधी पॅडॉकपाशी पोहोचलो. गोल्ड कपचे अंतर तीन मैल अडीच फर्लांग (फर्लांग म्हणजे मैलाचा आठवा भाग), आणि अडथळे बावीस. ट्रेनर विली मलिन्स यांचा गॅलोपिन दे शाँ सलग तिसऱ्या विजयासाठी उतरला होता आणि भाव पुन्हा एकाहून पुष्कळ कमी होता. या वेळी मी कोण उरेल आणि कोण चढेल, हे दोनच प्रश्न घेऊन नऊ घोड्यांची यादी पाहिली. आयनोदवेयुअरथिंकिन हा सात वर्षांचा घोडा फेब्रुवारीत आयर्लंडमधील लेपर्ड्सटाउन येथे गॅलोपिनच्या मागे चौथा आला होता, आणि बहुतेकांनी त्याला तेवढ्यावरून बाजूला ठेवले होते. परंतु ती शर्यत तीन मैलांची होती आणि तो शेवटी वेग वाढवत आला होता; येथे अंतर जास्त होते आणि शेवटी चढण होती. शिवाय २०२४ च्या महोत्सवात तो याच मैदानावर जिंकलेला होता. मूळ नोंदणीत नाव नसताना त्याच्या मालकांनी पंचवीस हजार पौंड जादा भरून त्याला उतरवले होते, आणि इतका पैसा कोणी हौसेखातर भरत नाही, असे मला वाटले. पॅडॉकमध्ये तो शांतपणे, लांब पावले टाकत चालत होता, मानेवर घाम नव्हता. मी पाच पौंड विन (पहिला येण्यावर) आणि पाच पौंड प्लेस (पहिल्या तिघांत येण्यावर) लावले, भाव साडेसातास एक; प्लेसला त्याचा पाचवा हिस्सा मिळतो. ट्रेनर गॅव्हिन क्रॉमवेल यांचा हा घोडा मार्क वॉल्श यांनी सहा लेंग्थने जिंकून दिला आणि माझ्या हाती पंचावन्न पौंड आले. रकमेपेक्षा कारणे बरोबर निघाली याचा आनंद मला अधिक झाला, आणि तो आज हे लिहितानाही ओसरलेला नाही. त्यामुळे माझ्या सल्ल्यात जो ठामपणा दिसेल, त्यातला थोडा भाग त्या दुपारचा आहे, हे वाचकांनी लक्षात घ्यावे.

ही पद्धत सर्वत्र चालत नाही. त्याच शुक्रवारी चार वर्षांच्या घोड्यांची ट्रायम्फ हर्डल पोनिरोसने जिंकली, भाव शंभरास एक. हर्डलवरची ती त्याची पहिलीच शर्यत होती, त्यामुळे रेसकार्डवर त्याच्याविषयी उपयोगी असे काहीच नव्हते. तोही मलिन्स यांचा, आणि त्या शर्यतीत त्यांचे इतरही अनेक घोडे होते. ज्या शर्यतीत घोड्यांचा इतिहासच नाही, ती केवळ पाहावी, पैसे लावू नयेत. वीसहून अधिक घोड्यांच्या हँडिकॅपमध्येही, म्हणजे चांगल्या घोड्यावर जास्त वजन देऊन बरोबरी साधलेल्या शर्यतीतही, मी विनवर लावणार नाही. सोळा किंवा अधिक घोडे असतील तर प्लेसचे चार क्रमांक मिळतात, तेव्हा तेथे दोन्हीकडे थोडे थोडे लावणे बरे. सातच घोडे असतील तर मात्र दोनच क्रमांक मिळतात, हे मंगळवारी माझ्या लक्षात उशिरा आले. महिनोन् महिने आधी पैसे लावल्यास आणि घोडा उतरलाच नाही तर ते बुडतात. घोडा न उतरल्यास पैसे परत, अशी अट स्पष्ट असल्याशिवाय आगाऊ लावू नये. आपल्याकडे तिकिटावर कर भरावा लागतो, तेथे २००१ पासून खेळणाऱ्यावर तो नाही, त्यामुळे फळ्यावर दिसणारा भाव पूर्ण मिळतो. मैदानावरच्या बुकींचे फळे शेजारीशेजारी असूनही भाव एकसारखे नसतात, म्हणून रांगेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जाऊनच तिकीट घ्यावे.

राहिली परतीची वाट, आणि तिच्याविषयी मी मुद्दाम विस्ताराने लिहितो, कारण तिने मला शर्यतींपेक्षा जास्त थकवले. चेल्टनहॅम स्पा स्टेशन आणि रेसकोर्स यांत चार किलोमीटरहून अधिक अंतर आहे. सकाळी हनीबोर्न लाइन या जुन्या लोहमार्गाच्या जागी केलेल्या पायवाटेने आणि पुढे इव्हशॅम रोडने गेल्यास एक तास लागतो आणि चालणे सुखाचे वाटते. संध्याकाळी शेवटची शर्यत पाच वीसला सुटल्यावर हीच वाट हजारो माणसांच्या गर्दीत, अंधार पडत असताना, चिखलाने जड झालेल्या बुटांनी आणि क्लीव्ह हिलवरून येणाऱ्या वाऱ्यात चालावी लागते. मंगळवारी मला दीड तास लागला आणि ठरलेली गाडी चुकली. शुक्रवारी मी ते टाळण्यासाठी एका टॅक्सीत बसलो आणि तेवढ्याच अंतराचे चाळीस पौंड दिले. बसण्यापूर्वी भाडे विचारले नाही ही माझी चूक, पण इतकी रक्कम मागणे मला आजही अन्यायाचे वाटते. या अंतरासाठी टॅक्सी करूच नये. स्टेशनवर जाणाऱ्या शटल बसची रांग लांब दिसते, परंतु ती सरकते, आणि शेवटच्या शर्यतीआधी निघाल्यास जवळजवळ रिकामी असते. सातवी, म्हणजे शेवटची, शर्यत पाहणारच असाल, तर नंतर तासभर आतच थांबावे आणि लंडनच्या गाडीचे तिकीट रात्री आठनंतरचे काढावे, कारण त्याआधीच्या गाड्यांसाठी स्टेशनबाहेरही रांग लागते आणि पॅडिंग्टनपर्यंतचे दोन तास उभ्यानेच काढावे लागतात.