पत्र्याखालचा दमा

दमा म्हणजे थंडीचा आजार, दिवाळीनंतर सांभाळा, असं आम्ही पेशंटना वर्षानुवर्षं सांगत आलो. आता सोलापुरात एप्रिल-मेच्या दुपारीही माझ्या दवाखान्यातला नेब्युलायझर, म्हणजे औषधाची वाफ देणारं यंत्र, चालूच असतो.

त्या दुपारी पारा ४३च्या वर होता. पूर्वभागातल्या एका विडी कामगार अक्कांना मुलाने रिक्षातून आणलं. धाप इतकी की वाक्य पुरं होईना. रक्तातला ऑक्सिजन ८६ टक्के. नेब्युलायझर, स्टेरॉईडचं इंजेक्शन, ऑक्सिजन, आणि हळूहळू श्वास ताळ्यावर आला.

मग विचारलं, "पंप घेता ना, अक्का?"

"घेते की. पण गुण येईना झालंय."

पंप, म्हणजे तोंडाने ओढायच्या औषधाचा इनहेलर, ठेवायच्या कुठे, तर पत्र्यालगतच्या फळीवर. पंपावर ३० अंशांखाली ठेवा असं छापलेलं असतं. एप्रिलमध्ये त्या फळीवर दिवसभरात ३० अंश कुठून मिळणार? आणि पंखा?

"पंखा लावलं की तंबाखू उडतंय, डॉक्टर."

म्हणजे मांडीवर सूप, वर तापलेला पत्रा, पंखा बंद, आणि प्रत्येक श्वासात तंबाखूची भुकटी. उष्ण, कोरडी हवा श्वासनलिकेच्या नसांना चेतवते, नळ्या आवळतात. घाम जाऊन अंगातलं पाणी कमी झालं की कफ चिकट होतो. त्यात गाड्यांच्या धुरावर कडक ऊन पडून ओझोन तयार होतो, तोही फुप्फुसाला झोंबतो. १९व्या शतकाच्या मानाने पृथ्वी १ अंशाहून जास्त तापली, हा आकडा ऐकायला किरकोळ वाटतो. सरासरीचा आहे म्हणून. अक्कांच्या खोलीत सरासरी नसते.

उन्हाळ्यात सगळीकडे एकच सूचना असते: दुपारी १२ ते ३ घराबाहेर पडू नका. अक्का पडल्याच नव्हत्या. घरात बसून हजार विड्या वळणाऱ्या बाईसाठी त्या सूचनेत एक ओळही नाही, याचा मला मनापासून राग येतो.

पंप कोरड्या डब्यात घालून माठाशेजारी ठेवा, तोंडाला रुमाल बांधा, शक्य तेवढ्या विड्या पहाटे वळा, असं सांगितलं. पहाटेवर अक्कांनी मान हलवली. "पाणी आलं की पहाट त्यातच जातंय."

मुलाला पत्र्यावर वरून चुना मारायला सांगितलं. पांढरा पत्रा कमी तापतो. त्याने विचारलं, किती दिवस टिकेल?

"पावसात धुऊन जातो. दर उन्हाळ्याआधी मारावा लागेल."

तो मान डोलावून फोनवर चुन्याचा भाव विचारायला बाहेर गेला.