काळ्या रंगाखालचा पट्टा

गणपती दहा-बारा दिवसांवर आले की मुंबई-गोवा महामार्गावर काम करणाऱ्या कुणालाच धड झोप लागत नाही. चाकरमान्यांच्या गाड्या सुरू व्हायच्या आत खड्डे, फलक, पट्टे सगळं उरकायचं असतं. त्या वर्षी कणकवली आणि कुडाळच्या मधे एका पुलाच्या जोडरस्त्याचं काम चालू होतं आणि पट्ट्यांची तपासणी माझ्याकडे होती.

डांबरी रस्त्यावरचा जुना पांढरा पट्टा सरळ पुढे जायचा, तिथे आता खोदकाम होतं. म्हणून त्यावर काळा रंग मारला आणि उजवीकडे वळणारा नवा पट्टा ओढला. दोन दिवस छान उघडीप मिळाली होती. थर्मोप्लास्टिक, म्हणजे पट्ट्यांसाठी वितळवून ओतायचा रंग, ओल्या रस्त्यावर धरतच नाही, त्यामुळे पोरांनी पहाटेपासून बॉयलर पेटवून काम काढलं. जाडी २.५ मिलिमीटर भरली, वरून टाकलेले काचमणी चौरस मीटरला २५० ग्रॅमच्या हिशेबाने होते, चकाकी मोजणाऱ्या यंत्रानेही चांगले आकडे दिले. भर दुपारी जुना पट्टा शोधूनही दिसत नव्हता. मी सही केली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाऊस कोसळत होता. चहाच्या टपरीवर एक एसटीचे ड्रायव्हर माझ्या अंगातलं पट्ट्यापट्ट्यांचं जाकीट बघून म्हणाले, “सायब, पावसात थंय दोन पट्टे दिसतत. खरो खंयचो ता सांगा.”

रात्री नऊ वाजता मी स्वतः जीप घेऊन गेलो. समोरून एक ट्रक आला आणि पोटात गोळा आला. मी ओढून घेतलेला नवा पट्टा पाण्याखाली गडप झाला होता. काळा रंग मारलेला जुना पट्टा मात्र चांदीच्या पत्र्यासारखा लखलखत होता, थेट खोदकामाकडे नेत.

कारण नंतर उलगडलं, आणि ते अगदी साधं होतं. काचेचे मणी कोरडे असतात तेव्हा गाडीच्या दिव्यांचा उजेड वळवून ड्रायव्हरच्याच डोळ्यांकडे परत पाठवतात. त्यांच्यावर पाण्याचा थर चढला की उजेड पाण्यावरूनच पुढे निसटतो, मण्यांचा उपयोग उरत नाही. आणि काळा रंग पडला गुळगुळीत. आजूबाजूचं खडबडीत डांबर उजेड विखरून टाकतं, ओला गुळगुळीत रंग आरशासारखा समोरच्या गाडीचा उजेड सरळ तुमच्या डोळ्यांत फेकतो. रंग काळा की पांढरा, याला रात्री पावसात काही अर्थ राहत नाही. शिवाय जुन्या थराचा उंचवटा खाली तसाच होता. माझं यंत्र ३० मीटर पुढचा पट्टा कसा दिसेल ते मोजतं खरं, पण मी मोजलं होतं ते कोरड्या रस्त्यावर आणि फक्त नव्या पट्ट्यावर. जुन्याकडे यंत्र वळवावं असं मनातही आलं नव्हतं.

त्याच रात्री खोदकामाच्या तोंडावर ड्रम आणि लुकलुकते दिवे लावले, एक माणूस लाल बॅटरी देऊन उभा केला. जुना पट्टा खरवडायला मशीन मागितलं, तर सकाळी साहेबांचा फोन आला: सण तोंडावर आलाय आणि रस्ता काय खरवडताय? मी म्हटलं, पट्टा झाकायचा नसतो, काढायचा असतो. बराच वेळ वाद झाला. शेवटी घासणीचं मशीन मिळालं.

तिथेही एक गोम आहे. पट्ट्याच्या रुंदीइतकंच घासलं तर तेवढाच लांब चर पडतो, त्यात पाणी साचतं आणि पुन्हा पट्टाच दिसतो. म्हणून दोन्ही बाजूंना जास्त, रुंद चौकोन पडतील असं घासून घेतलं. नवा थर्मो मारायला पाऊस उघडेना, तेव्हा नव्या पट्ट्याच्या कडेने रोड स्टड, म्हणजे दिव्यांच्या उजेडात चमकणारे छोटे ठोकळे, बसवले. ते रस्त्याच्या वर उभे असतात, पाण्याचा पातळ थर त्यांना बुडवत नाही. त्या रात्री पुन्हा जीपमध्ये बसलो. ठिपक्यांची ओळ उजवीकडे वळत गेली. डावीकडे नुसता अंधार.

डायव्हर्जनचा पट्टा मी आता दिवसा पास करत नाही. अंधार पडल्यावर नव्या-जुन्या दोन्ही जागांवर बादलीने पाणी ओततो, समोर एक गाडी दिवे लावून उभी करतो आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसून बघतो. पोरं कंटाळतात, उशीर होतो. होऊ दे.