ह्युस्टनला पाहिलेला खालचा थर

मेम्फिसला मिसिसिपी ओलांडताना मुलगा एकदम ओरडला, "बाबा, पूल बघ!" नदीवर पोलादाच्या दोन प्रचंड कमानी शेजारी शेजारी उभ्या आहेत आणि लांबून त्यांचा आकार थेट इंग्रजी 'एम'सारखा दिसतो. मिशिगन विद्यापीठाचं चिन्हही तेच अक्षर. तो तेव्हा तिथे नुकताच शिकायला लागला होता आणि मीही वीस वर्षांपूर्वी तिथेच शिकलो. आम्ही दोघांनी नकळत हात जोडले.

विद्यापीठाच्या संघाची अंतिम लढत पाहायला निघालो होतो. विद्यापीठाचं गाव अ‍ॅन आर्बर ते ह्युस्टन हा सुमारे २१०० किलोमीटरचा रस्ता. टोलीडो, सिनसिनाटी, लुईव्हिल, नॅशव्हिल, मेम्फिस, लिटल रॉक, टेक्सारकाना. शनिवारी पहाटे अंधारातच निघालो. बायकोने दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि तिळाच्या लाडवांचा मोठा डबा बांधून दिला होता, कारण संक्रांत आठवड्यावर आली होती. विमानाचे दर त्या आठवड्यात आवाक्याबाहेर गेले होते, पण खरं सांगायचं तर मला हा रस्ता मुलाबरोबर गाडीनेच करायचा होता. केंटकीत झाडं निष्पर्ण, आर्कान्सात लांबच लांब सपाट शेतं, आणि टेक्सासमध्ये शिरलो तेव्हा जॅकेट काढून मागच्या सीटवर टाकलं.

८ जानेवारी २०२४ च्या सोमवारी कॉलेजांच्या अमेरिकन फुटबॉलची राष्ट्रीय अंतिम लढत होती, मिशिगन विरुद्ध वॉशिंग्टन. दोन्ही संघ तोवर चौदाच्या चौदा सामने जिंकून आलेले. त्याआधीच्या दोन वर्षांत मिशिगन उपांत्य फेरीत हरलं होतं, आधी जॉर्जियाकडून आणि मग टीसीयूकडून (टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठ) ५१-४५. त्या दुसऱ्या रात्री मुलगा जेवला नव्हता. म्हणून १ जानेवारीला कॅलिफोर्नियातल्या पॅसडीनात उपांत्य सामन्यात जादा वेळेत अलाबामाला २७-२० असं हरवलं, तेव्हा मी त्याच रात्री दोन तिकिटं शोधायला बसलो. सगळ्यात वरच्या मजल्यावरची मिळाली.

स्टेडियमला जायला ह्युस्टनची मेट्रो सोयीची. रेड लाइनने उतरलो तर समोर आधी दिसतो तो जुना अ‍ॅस्ट्रोडोम. १९६५ साली हे छप्पर असलेलं स्टेडियम उघडलं. छपराच्या काचांमुळे खेळाडूंचे डोळे दिपायचे म्हणून त्या रंगवल्या, तर आतलं गवत मेलं. मग कृत्रिम गवत अंथरलं, आणि त्यालाच पुढे अ‍ॅस्ट्रोटर्फ हे नाव पडलं. आपल्या हॉकीचं सगळं रूप ज्या कृत्रिम मैदानांनी बदललं, त्यांचं मूळ इथे. मी बराच वेळ त्या रिकाम्या इमारतीकडे पाहत उभा राहिलो. मुलाने हाताला धरून ओढलं.

पार्किंगमध्ये धूरच धूर. गाड्यांच्या डिकी उघड्या, शेगड्या पेटलेल्या, ब्रिस्केटचा वास. इकडे आमचा मक्याचा पिवळा आणि गडद निळा, तिकडे वॉशिंग्टनचा जांभळा. अनोळखी माणसं "गो ब्लू" म्हणत हातावर टाळी देत होती.

आमच्या शेजारी सिअ‍ॅटलचं सत्तरीचं जोडपं बसलं होतं, दोघंही जांभळ्या स्वेटरमध्ये. मी तिळाचे लाडू पुढे केले आणि ह्या लाडवाबरोबर गोड बोलायचं वचन घेतात, हे सांगितलं. आजोबा म्हणाले, "मग आज रात्रीपुरतं अवघड आहे." मग हसून दोन घेतले. पुढच्या मोसमापासून त्यांचं विद्यापीठ आमच्याच लीगमध्ये, बिग टेनमध्ये येणार होतं. पॅसिफिक किनाऱ्याची त्यांची जुनी लीग फुटत होती, आणि ते बोलताना आजींचा आवाज भरून आला.

हा खेळ पहिल्यांदा पाहणाऱ्याला नुसती धक्काबुक्की वाटते. मलाही वाटायची. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, सरकलात तर पुन्हा चार प्रयत्न. सगळे चेंडूकडे बघतात. माझे डोळे मात्र चेंडू नेणाऱ्याच्या पुढे उभ्या पाच जणांवर असतात. एकेक जण १४० किलोच्या आसपास. चेंडू घेऊन धावणं त्यांच्या वाट्याला येत नाही, गुण त्यांच्या नावावर लागत नाहीत. समोरच्याला हटवून एका माणसापुरती फट करायची, एवढंच त्यांचं काम. ठाण्यात कॉलेजच्या दिवसांत मी पाच वर्षं दहीहंडीच्या खालच्या थरात उभा राहिलो आहे, त्यामुळे ही माणसं मला लगेच ओळखीची वाटली.

पाच जणांच्या अशा फळीसाठी दर वर्षी 'जो मूर' पुरस्कार देतात. २०२१ आणि २०२२ साली तो मिशिगनला मिळाला होता, आणि ह्या मोसमात वॉशिंग्टनला. आजोबांनी ते मला दोनदा सांगितलं. आमच्या फळीतला झॅक झिंटर नोव्हेंबरमध्ये ओहायो स्टेटविरुद्ध पाय मोडून बाहेर गेला होता. त्याला मैदानाबाहेर नेल्यावर पुढच्याच खेळीत आमच्या ब्लेक कोरमने २२ यार्ड धावून टचडाउन केलं होतं, म्हणजे चेंडू समोरच्या टोकाच्या पट्ट्यात नेला होता. कोरम स्वतः आदल्या वर्षीच्या गुडघ्याच्या दुखापतीतून उठलेला.

वरच्या मजल्याचा फायदा सामना सुरू होताच कळला. वरून फट उघडताना दिसते. आमचा डोनोव्हन एडवर्ड्स पहिल्याच चढाईत ४१ यार्ड धावला, थोड्या वेळाने ४६ यार्ड. दोन्ही वेळा समोरची भिंत दाराच्या दोन फळ्यांसारखी बाजूला झाली. आमचा आवाज बसला तो तेव्हाच.

पण वॉशिंग्टन खचलं नाही. त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चढाई चालवणारा, मायकेल पेनिक्स डावखुरा. इंडियानात असताना चार मोसम दुखापतींनी अर्धवट सुटलेले, दोनदा गुडघा, दोनदा खांदा. आमची मुलं त्याला पुन्हा पुन्हा पाडत होती आणि तो पुन्हा पुन्हा उठून चेंडू फेकत होता. मध्यंतराला १७-१०. उत्तरार्धाच्या पहिल्याच खेळीत आमच्या विल जॉन्सनने त्याचा पास अडवून पकडला, तरी चौथ्या सत्रात धावफलक २०-१३ च होता. एक चुकीचा क्षण आणि सगळं बरोबरीत. मुलाने माझा दंड घट्ट धरला होता, तो लहान असताना जत्रेच्या पाळण्यात धरायचा तसा.

मग फळीने पुन्हा वाट काढली आणि कोरम १२ यार्ड धावून आत गेला. त्यानंतर आमच्या, हैतीत जन्मलेल्या माइक सेनरिस्टिलने पेनिक्सचा पास पकडून ८१ यार्ड मागे आणला. कोरमने आणखी एक टचडाउन केलं, ३४-१३. मिशिगनने त्या रात्री नुसतं धावून ३०३ यार्ड घेतले. १९९७ नंतरचं पहिलं राष्ट्रीय विजेतेपद. आजोबा उठले, माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "तुमची फळी आज चांगली खेळली." आजींनी माझ्या मुलाच्या गालावरून हात फिरवला.

कागदाचे पिवळे-निळे तुकडे बराच वेळ पडत होते. स्टेडियम निम्मं रिकामं झालं तरी आम्ही हललो नाही. खाली मैदानावर एक आडदांड पोरगा पाठीवर झोपून त्या तुकड्यांमध्ये हात-पाय हलवत होता.

स्टेशनवर गर्दीत उभे असताना मुलाने बसलेल्या आवाजात विचारलं, "बाबा, खालच्या थरात असताना हंडी फुटलेली दिसते का रे?"

"नाही. मान खाली असते, खांद्यावर माणसं असतात."

"मग कळतं कसं?"

"आवाजावरून. आणि मग अंगावर दही येतं."

मेट्रो आली. एकाच माणसापुरती जागा होती, ती मी त्याला दिली. बायकोने दिलेल्या डब्यात उरलेला शेवटचा लाडू आम्ही अर्धा अर्धा खाल्ला.