स्कूबा आणि फ्रीडायव्हिंगसाठी एकच डाइव्ह कॉम्प्युटर निवडताना

पाठीवर सिलिंडर घेऊन अर्धा-पाऊण तास पाण्याखाली राहणं (स्कूबा) आणि एका श्वासात खाली जाऊन परत येणं (फ्रीडायव्हिंग), या दोन्ही गोष्टी मी करते. दोन्हींसाठी मनगटावर एकच डाइव्ह कॉम्प्युटर, म्हणजे पाण्याखाली खोली आणि वेळ मोजणारं घड्याळासारखं यंत्र हवं, हे आधीपासून पक्कं होतं. दुकानदार मात्र आधी विचारायचा, "मॅडम, बजेट किती?" मग काचेखालची घड्याळं एकेक करून बाहेर यायची. सगळ्यांच्या खोक्यावर फ्री मोड लिहिलेलाच असायचा. पण तो मोड नक्की काय करतो, हे कुणी सांगेना.

त्यामुळे आधी आपली गरज काय, ते नीट समजून घेतलं. स्कूबात कॉम्प्युटर हिशोब ठेवतो शरीरात विरघळलेल्या नायट्रोजनचा. या खोलीवर अजून किती मिनिटं राहता येईल, वर येण्याचा वेग जास्त तर होत नाही ना, हे तो सांगतो. हा वेग साधारण मिनिटाला 9 मीटरच्या आत ठेवायला शिकवतात. फ्रीडायव्हर सेकंदाला जवळपास 1 मीटर वर येतो, म्हणजे मिनिटाला 60.

मालवणला एकदा प्रशिक्षक दादांनी आपला स्कूबाचा कॉम्प्युटर मला श्वास रोखून बुड्या मारताना वापरायला दिला. वर येताना दर वेळी तो कोकलायचा. बोटीवर येऊन लॉग उघडला तर सकाळभराच्या बुड्या एकाच लांबलचक डाइव्हमध्ये जमा झालेल्या. स्कूबा मोडमध्ये माणूस वर येऊन काही मिनिटं थांबल्याशिवाय डाइव्ह संपली असं यंत्र धरतच नाही, आणि फ्रीडायव्हर त्याआधीच पुन्हा खाली गेलेला असतो. आलेखही कामाचा नव्हता. त्यात 20 सेकंदांनी एक नोंद होती, तेवढ्यात आम्ही तळाला जाऊन परत निघालेलो असतो. दादा म्हणाले, "ताई, खाली कित्याक बघतात? वर इल्यावर बघा." त्यांचा रोख होता दोन बुड्यांमधल्या विश्रांतीकडे, आणि माझी सगळी निवड पुढे त्यावरच ठरली.

ही विश्रांती किती महत्त्वाची, ते प्रशांत महासागरातल्या तुआमोटू बेटांवरच्या मोती काढणाऱ्या पाणबुड्यांनी सोसून दाखवलं आहे. दिवसभर खोल बुड्या मारायच्या आणि मध्ये काही मिनिटंच दम घ्यायचा, असं काम करताना त्यांना चक्कर, लकवा, बेशुद्धी असे त्रास व्हायचे, काही जण दगावायचेही. या आजाराला तिथे तारावाना म्हणतात. जवळच्याच मांगारेवा बेटावरचे पाणबुडे दोन बुड्यांमध्ये 10 मिनिटं किंवा जास्त थांबायचे, त्यांच्यात हा आजार दिसत नसे. 1965 साली पॉलेव्ह या डॅनिश नौदलाच्या डॉक्टरांनी स्वतःचाच अनुभव प्रसिद्ध केला. 20 मीटर खोलीच्या प्रशिक्षण टाकीत, पाच तासांत साठेक बुड्या मारल्यावर त्यांना डीकम्प्रेशनची, म्हणजे वर येताना अंगातल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊन होणाऱ्या आजाराची लक्षणं दिसली होती. सिलिंडर नाही म्हणजे नायट्रोजनची भीती नाही, असं आजही अनेकांना वाटतं. उथळ पाण्यात थोड्याशा बुड्या मारणाऱ्याला हा धोका जवळजवळ नसतो, हे खरं. पण खोली आणि बुड्यांची संख्या वाढली की हिशोब बदलतो.

मग मी दुकानांचे फेरे थांबवले आणि उत्पादकांच्या संकेतस्थळांवरून मॅन्युअल उतरवून वाचत बसले. जाहिरातीत न लिहिलेलं सगळं तिथे सापडतं. पृष्ठभागावर आल्यावर पडद्यावर सर्वांत मोठा आकडा कुठला? मागच्या बुडीची वेळ आणि विश्रांतीची वेळ शेजारी दिसतात का? मला शिकवलेला नियम असा, की जितका वेळ खाली, त्याच्या निदान दुप्पट वर. दोन्ही आकडे एकत्र दिसले तर डोक्यात गणित करावं लागत नाही. दुसरं म्हणजे मोड बदलताना यंत्र कुलूप लावतं का. गार्मिन कंपनीच्या डिसेंट घड्याळांत गेज मोडमध्ये, म्हणजे फक्त खोली आणि वेळ दाखवणाऱ्या मोडमध्ये डाइव्ह केली की पुढचे 24 तास फक्त गेज किंवा अ‍ॅप्निया (फ्रीडायव्हिंगचा) मोड चालतो, स्कूबाचा हिशोब मिळत नाही. गेज मोडमध्ये यंत्र नायट्रोजन मोजतच नाही, तेव्हा हे कुलूप योग्यच आहे. पण सहलीच्या पहिल्याच दिवशी चुकीचं बटण दाबलं गेलं, तर दुसऱ्या दिवशीची स्कूबा त्याच्या भरवशावर करता येणार नाही.

शेअरवॉटर कंपनीचा टेरिक हा कॉम्प्युटर मैत्रिणीकडे होता. पडदा इतका सुरेख की बघत राहावं, पण किंमत माझ्या आवाक्याबाहेर. क्रेसीच्या एका मॉडेलचं नावच गोवा, त्यात एअर (साधी हवा), नायट्रॉक्स (जास्त ऑक्सिजन असलेली हवा), फ्री आणि गेज असे चारही मोड आहेत, दोन बटणं, काम सरळ. ज्याला कमी पैशांत दोन्ही करायचं आहे, त्याने तो जरूर पाहावा. मी शेवटी गार्मिनचाच डिसेंट जी1 घेतला. रोजही हातात घालता येतो, भर उन्हात बोटीवर पडदा वाचता येतो आणि पाच बटणं ओल्या बोटांनीही नीट दाबली जातात. घेण्याआधी वेटसूटची बाही चढवून, त्यावर पट्टा आवळून पाहिला. खोल पाण्यात वेटसूट दबून पातळ होतो आणि पट्टा सैल पडून घड्याळ मनगटाभोवती फिरतं, म्हणून ताणला जाणारा पट्टा वेगळा घेतला. जी1 ला सिलिंडरमधली हवा दाखवता येत नाही, ते काम माझा साधा प्रेशर गेज करतो.

एक गोष्ट मी यंत्रावर सोडत नाही. स्कूबा झाल्यावर त्याच दिवशी श्वास रोखून खोल जायचं नाही, कारण अंगात नायट्रोजन उरलेला असताना भरभर वर येणं धोक्याचं. विमानासाठी सांगतात तेच अंतर मी इथेही पाळते: एका डाइव्हनंतर 12 तास, एकापेक्षा जास्त झाल्या तर 18. म्हणून कर्नाटकच्या किनाऱ्याजवळच्या नेत्राणी बेटावर जाताना आता फ्रीडायव्हिंगचा दिवस आधी ठेवते, स्कूबा त्यानंतर. आणि बडीशिवाय, म्हणजे सोबतच्या जोडीदाराशिवाय पाण्यात उतरत नाही. बेशुद्ध पडलेल्या माणसाला घड्याळ वर ओढून आणत नाही.